युरोपात राहण्यासाठी लढलेला पक्ष: लिब डेमचं २०१९ मध्ये नेमकं कुठं चुकलं?

नदीकाठची

२०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत, मी लंडनमधल्या रिचमंड पार्क मतदारसंघात लिबरल डेमोक्रॅट (लिब डेम) पक्षासाठी दारोदार फिरले. चार वाजता अंधार पडायचा, पत्रकं भिजायची, कुत्री भुंकायची. आम्ही ती जागा जिंकली, ७,७६६ मतांनी. देशात मात्र पक्षाचे फक्त ११ खासदार आले. पक्षनेत्या जो स्विन्सन स्वतः १४९ मतांनी पडल्या. सात आठवड्यांनी, ३१ जानेवारी २०२० ला, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं.

याच पक्षाला त्याच वर्षी मे महिन्यात युरोपियन संसदेच्या निवडणुकीत १६ जागा मिळाल्या होत्या. मजूर पक्षाला १०, सत्ताधारी हुजूर पक्षाला ४. लंडनमध्ये आम्ही पहिले होतो. सात महिन्यांत असं काय झालं, यावर मला मनापासून बोलायचं आहे, आणि विरुद्ध बाजूचंही ऐकायचं आहे.

इथलं राजकारण रोज न बघणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडायला कौल दिला, ४८.१ टक्क्यांनी राहायला. लिब डेमकडे तेव्हा ८ खासदार होते. हुजूर पक्षाचे पंतप्रधान कॅमेरॉन यांच्यासोबत पाच वर्षं आघाडी सरकारात राहिल्यामुळं आणि विद्यापीठाची फी वाढवणार नाही हे वचन मोडल्यामुळं २०१५ मध्ये लोकांनी ५७ वरून ८ वर आणून ठेवलं होतं. अशा पक्षानं उरलेल्या ४८ टक्क्यांचा आवाज व्हायचं ठरवलं. डिसेंबर २०१६ च्या आमच्या पोटनिवडणुकीत आधीचे हुजूर खासदार झॅक गोल्डस्मिथ यांचं २३ हजारांचं मताधिक्य आमच्या सारा ओल्नी यांनी मोडून काढलं. वास्तविक ती पोटनिवडणूक हीथ्रो विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीवरून लागली होती, पण मतदारांनी ती युरोपवर नेली. मी सभासद झाले ती त्याच आठवड्यात.

तेव्हा पक्षाचं म्हणणं एका वाक्यात सांगता यायचं: बाहेर पडण्याचा जो करार होईल तो लोकांपुढं ठेवा आणि पुन्हा विचारा. दारात उभं राहून हे सांगताना मला कधीच अवघड वाटलं नाही. २०१६ मध्ये 'बाहेर' म्हणजे नेमकं काय हे मतपत्रिकेवर नव्हतं. करार हातात आल्यावर लोकांना विचारणं हे लोकशाहीचंच काम आहे, असं मी म्हणायचे आणि बाहेर पडायला मत दिलेले लोकसुद्धा ऐकून घ्यायचे.

सप्टेंबर २०१९ मध्ये बोर्नमथच्या अधिवेशनात पक्षानं धोरण बदललं. आमचं बहुमताचं सरकार आलं तर सार्वमत न घेता कलम ५० ची, म्हणजे युनियन सोडत असल्याची, नोटीस मागं घेऊ आणि ब्रेक्झिट रद्द करू. बहुमत नाही आलं तर सार्वमताची मागणी कायम. दुसरं वाक्य दारापर्यंत पोचलंच नाही. एका आजोबांनी मला दारात सांगितलं, "मी राहायला मत दिलं आणि हरलो. पुन्हा विचारा म्हणत होतात तोवर मी तुमच्यासोबत होतो. आता शेजाऱ्याचं मत खोडून टाका म्हणताय, ते मला नको." त्यांनी पत्रक परत दिलं. माझ्या मते आम्ही तिथंच हरलो. जागा नंतर गेल्या, बाजू आधी गेली.

तुम्हाला काय वाटतं?

---

चौकस

ताई, धाग्याबद्दल आभार. पुण्यातून वाचतोय, त्यामुळं एक प्राथमिक प्रश्न. नोटीस दिल्यावर ब्रिटनला ती एकट्यानं मागं घेता येत होती का? बाकीच्या २७ देशांची परवानगी लागली नसती?

---

नदीकाठची

चौकस, नसती लागली. स्कॉटलंडमधल्या काही लोकप्रतिनिधींनी हाच प्रश्न कोर्टात नेला होता. १० डिसेंबर २०१८ ला युरोपियन न्यायालयानं निकाल दिला की देश अजून सदस्य असेपर्यंत नोटीस एकतर्फी मागं घेता येते आणि जुन्या अटींवरच सदस्यत्व चालू राहतं. म्हणजे कायद्यानं रस्ता मोकळा होता. मार्च २०१९ मध्ये नोटीस मागं घ्या म्हणणाऱ्या संसदेच्या ऑनलाइन अर्जावर साठ लाखांहून जास्त सह्या झाल्या. पक्षाला धीर आला तो या दोन गोष्टींनी, असं मला वाटतं. पण साठ लाख सह्या वेगळ्या आणि १ कोटी ७४ लाख मतं वेगळी. ती १ कोटी ७४ लाख मतं २०१६ मध्ये पेटीत पडलेली होती.

---

हॅरोचा रहिवासी

मी बाहेर पडायला मत दिलं होतं. इथं ते सांगायला संकोच वाटत नाही, कारण माझी कारणं वर्णद्वेषाची नव्हती.

मी २००८ मध्ये आलो. २०१२ च्या जुलैपासून वयस्कर आई-वडिलांना कायमचं इथं आणायचे नियम एवढे कडक झाले की व्यवहारात ते दार बंदच झालं. एप्रिल २०१६ पासून, म्हणजे सार्वमताच्या दोन महिने आधीपासून, कामाच्या व्हिसावरच्या माणसाला कायमचं राहायचं तर वर्षाला ३५ हजार पौंड पगार दाखवावा लागू लागला. माझ्या ओळखीतल्या काही मुलांनी त्यामुळं सामान बांधलं. त्याच वेळी युरोपियन युनियनमधल्या कुणालाही व्हिसाशिवाय येता येत होतं. त्यांचा मला राग नव्हता. मला इतकंच म्हणायचं होतं की दार सगळ्यांना सारखं असावं. बाहेर पडण्याचा प्रचार करणारी प्रीती पटेल आणि मंडळी सांगत होती की युरोपातून बाहेर पडलो तर करी हाउसना दक्षिण आशियातून आचारी आणता येतील, नियम सगळ्यांना समान होतील. मी विश्वास ठेवला.

नदीकाठची ताई, तुमच्या पक्षाची पत्रकं माझ्याही दारात पडली. त्यात युरोपातल्या नर्सेस होत्या, युरोपात शिकायला जाणारी मुलं होती, शेतकरी होते. मी कुठंच नव्हतो. भारतीय पासपोर्टवर इथं राहणाऱ्या माणसाला मताचा अधिकार आहे, हे पक्षाला माहीत होतं ना? मग त्याची अडचण काय, हे विचारायला कुणी का आलं नाही?

२०२१ पासून नवी पद्धत आली, भारतातून येणाऱ्यांची संख्या वाढली, तेवढ्यापुरतं मी म्हटलं तसं झालं. आई-वडिलांचा नियम मात्र आहे तिथंच आहे. माझी आई कोल्हापुरात एकटी असते.

---

नदीकाठची

याला माझ्याकडं चांगलं उत्तर नाही. आमचं सगळं बोलणं युरोपातून आलेल्यांच्या हक्कांवर होतं आणि ते हक्क तुमच्या-माझ्यासारख्यांना कधी मिळालेच नव्हते, हे मला त्या वेळी दिसायला हवं होतं. मीही भारतीय पासपोर्टवरच होते. आईची काळजी घ्या.

---

आकडेमोड

थोडी आकड्यांची भर, कारण बोर्नमथ हेच एकमेव वळण नव्हतं.

संसदेत १ एप्रिल २०१९ ला पर्यायांवर मतदान झालं. युरोपियन युनियनशी कायमच्या कस्टम्स युनियनचा (आपापसात जकात नाही, बाहेरच्यांना एकच जकात) प्रस्ताव २७३ विरुद्ध २७६ असा तीन मतांनी पडला. कराराला सार्वमताची अट घालणारा प्रस्ताव २८० विरुद्ध २९२ असा बारा मतांनी. कस्टम्स युनियनला लिब डेमच्या बहुतेक खासदारांनी पाठिंबा दिला नाही. त्यांचं म्हणणं, अर्धवट तडजोड नको, पूर्ण राहायचंय. तीन मतं! त्या दिवशी ती मिळाली असती तर ब्रिटन बाहेर पडलं असतं, पण आज डोव्हर बंदरात मालाच्या कागदपत्रांचा जो पसारा आहे त्यातला बराचसा टळला असता. माझ्या लेखी बोर्नमथपेक्षा ही चूक मोठी.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. ऑक्टोबरच्या शेवटी पंतप्रधान बोरिस जॉन्सनना मुदतपूर्व निवडणूक हवी होती आणि दोनतृतीयांश बहुमत मिळत नव्हतं. लिब डेम आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीनं साध्या बहुमतानं निवडणूक लावायचा विधेयकाचा मार्ग पुढं केला, मग सरकारनं तोच धरला आणि २९ ऑक्टोबरला ४३८ विरुद्ध २० नं मंजूर करून घेतला. राहायचं म्हणणाऱ्यांनी लढाईचं मैदान आपणहून सोडलं.

आणि १२ डिसेंबरचा निकाल मतांत बघा. लिब डेमची मतं ७.४ टक्क्यांवरून साडेअकरावर गेली आणि जागा १२ वरून ११ वर आल्या. लंडनच्या केन्सिंग्टनमध्ये हुजूर उमेदवार मजूर उमेदवारापेक्षा १५० मतांनी पुढं, आणि हुजूर पक्ष सोडून आलेले सॅम गिमा लिब डेमतर्फे ९ हजारांवर मतं घेऊन तिसरे. ग्रीन पक्ष आणि वेल्सच्या प्लाइड कम्री पक्षाशी साठ जागांवर समझोता केला होता, पण मजूर पक्ष त्यात नव्हता.

---

चौकस

मतविभाजन! हे मात्र समजावून सांगायला नको, आम्ही त्यातच वाढलोय.

---

नदीकाठची

आकडेमोड, निवडणुकीबद्दल थोडी असहमत. २२ ऑक्टोबरला जॉन्सनच्या कराराचं विधेयक दुसऱ्या वाचनात ३२९ विरुद्ध २९९ नं पुढं सरकलं होतं. सार्वमतासाठी संसदेत बहुमत नाही हे दोनदा दिसलं होतं. थांबलो असतो तर त्याच संसदेनं दोन-तीन आठवड्यांत करार मंजूर केला असता, अशी आम्हाला भीती होती आणि ती खरी होती. मैदान आम्ही सोडलं नाही, ते पायाखालून सरकत होतं. कस्टम्स युनियनबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. त्या रात्री मी घरी टीव्हीसमोर खूश होते, तडजोड पडली म्हणून. आज तो आकडा वाचताना त्रास होतो.

---

क्लाइडकाठ

ग्लासगोच्या उत्तरेला राहतो, स्विन्सन यांच्याच मतदारसंघात, ईस्ट डनबार्टनशरमध्ये. आमच्याकडं गोष्ट वेगळी होती. स्कॉटलंडनं ६२ टक्क्यांनी राहायला मत दिलं. इथं राहायचं की नाही हा वादच नव्हता, कुणासोबत राहायचं हा होता. २०१४ च्या स्वातंत्र्याच्या सार्वमतात आम्हाला सांगितलं होतं की ब्रिटनमध्ये राहिलात तरच युरोपात राहाल. ते खोटं ठरलं. मग जो पक्ष म्हणतो की युरोपच्या संघातून बाहेर पडू नका पण ब्रिटनच्या संघातून बाहेर पडायचं की नाही हे पुन्हा विचारूसुद्धा नका, त्याचं इथल्या निम्म्या लोकांनी ऐकायचं कसं? एका सार्वमताचा निकाल अंतिम आणि दुसऱ्याचा नाही, याचं सरळ उत्तर स्विन्सन यांच्याकडं नव्हतं. १४९ मतं त्यातच गेली, असं आमच्या गल्लीतलं मत.

बाई मेहनती होत्या. मतदारसंघात त्यांनी कामं केली होती, हेही सांगायला हवं.

---

मांडवीपार

उशिरा लिहितेय, पण सगळं वाचून काढलं.

मी मूळची फोंड्याची, मराठी शाळेत शिकलेली. नवरा बार्देशचा. त्याचे वडील १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत. त्या जन्माची नोंद लिस्बनला करून घेतली की मुलांनाही पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं. हजारो गोंयकार असे इथं आले, स्विंडनला, साउथॉलला, वेंबलीला. आम्ही २०११ मध्ये आलो. गाव सांगत नाही, लहान आहे, लोक ओळखतील. नवरा पोर्तुगीज पासपोर्टवर, मी त्याची बायको म्हणून, भारतीय पासपोर्टवर.

२०१६ च्या सार्वमतात मत कुणाला होतं? ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातल्या देशांच्या इथं राहणाऱ्या नागरिकांना. भारत राष्ट्रकुलात आहे, पोर्तुगाल नाही. म्हणजे युरोपात राहायचं की नाही या प्रश्नावर युरोपचा पासपोर्ट असलेला नवरा घरी बसला आणि भारताचा पासपोर्ट असलेली मी मत देऊन आले. ज्याचं सगळं पणाला लागलं होतं त्याला विचारलंच नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो पाळीवर गेला तेव्हा एक शब्द बोलला नाही.

मे २०१९ च्या युरोपियन निवडणुकीत त्याला मत होतं. त्यासाठी आणखी एक फॉर्म भरून द्यायचा होता, की मी पोर्तुगालमध्ये मत देणार नाही, इथं देणार. निवडणूक नक्की होणार हे सरकारनं जाहीर केलं ७ मे ला. फॉर्म द्यायची शेवटची तारीखही ७ मे. आम्हाला त्या फॉर्मबद्दल कळलं ते २३ मे ला, मतदान केंद्रावर. यादीत त्याचं नाव होतं, त्यावर रेघ होती. तो लिब डेमला मत देणार होता. ती 'बोलॉक्स टू ब्रेक्झिट' छापलेली पत्रकं आली होती, मला ती भाषा आवडली नव्हती, आमच्या घरी मुलं आहेत. तो म्हणाला, भाषेचं सोड, आमच्या बाजूनं इतक्या मोठ्यानं कुणीतरी ओरडतंय ना.

नदीकाठची, तुमचे आजोबा शेजाऱ्याचं मत खोडू नका म्हणाले ते मला पटतं. पण ज्यांना मत दिलंच नाही त्यांचा हिशोब त्या ५१.९ मध्येही नाही आणि ४८.१ मध्येही नाही. हे तुम्ही दारोदार सांगितलंत का?

आता दुसरी बाजू, माझ्याच घरातली. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. माझे आजोबा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे, फुलासाठी गावोगाव सायकलवर फिरलेले. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. आजोबा हरले. आजी सांगायची, दोन दिवस जेवले नाहीत.

पण पुढं काय झालं ते बघा. दोन-अडीच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि मगोप ३० पैकी १६ जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. कौलाआधी निष्पक्षपणासाठी त्यांनी सरकारचा राजीनामा दिला होता. ज्या पक्षाचा जीव की प्राण असलेला मुद्दा लोकांनी नाकारला, त्याच पक्षाला लोकांनी राज्य दिलं, कारण त्यानं शाळा काढल्या होत्या, कुळांची बाजू घेतली होती. भाऊसाहेबांनी बहुमताच्या जोरावर कौल फिरवला नाही. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे की आपलं बरोबर होतं. पण कौल मोडा असं ते कधी म्हणाले नाहीत.

म्हणून मला दोन्ही वाटतं. नवऱ्याकडं बघितलं की वाटतं, रद्दच करायला हवं होतं. आजोबा आठवले की वाटतं, बोर्नमथला चुकलंच.

---

हॅरोचा रहिवासी

मांडवीपार, मी २०१६ मध्ये ज्या बाजूला मत दिलं त्याचा अर्थ तुमच्या घरात काय झाला, याचा मी तेव्हा विचार केला नव्हता. दार सगळ्यांना सारखं असावं म्हणताना आधी आत आलेल्यांचं काय, हे माझ्या मनात आलं नाही. वाईट वाटतंय.

---

चौकस

१९६७ चा कौल शाळेत दोन ओळींत संपवला होता. त्यावर वेगळा धागा काढा ना, प्लीज.

---

नदीकाठची

मांडवीपार, नाही, सांगितलं नाही. आणि सांगण्यासारखं होतं. २०१९ च्या आमच्या जाहीरनाम्यात पाच वर्षं इथं राहिलेल्या युरोपियन नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत आणि सार्वमतात मताचा अधिकार द्यायचं कलम होतं. ते आतल्या पानात राहिलं. दारात आम्हाला बोलायला सांगितलं होतं ते 'ब्रेक्झिट थांबवा' आणि 'इथं फक्त आम्हीच जिंकू शकतो' हे दोनच, आमच्या पत्रकांवरच्या त्या पट्ट्यांच्या आलेखासकट. तुमच्या घरची गोष्ट मी दहा दारांवर सांगितली असती तर त्या आजोबांसमोर मला निदान बोलायला काही उरलं असतं.

बांदोडकरांचं तुम्ही लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. २०२४ मध्ये लिब डेमला १२.२ टक्के मतं पडली, २०१९ पेक्षा जेमतेम जास्त, आणि खासदार आले ७२. त्या प्रचारात पक्षनेते एड डेव्ही युरोपवर फार बोललेच नाहीत. नद्यांमधलं सांडपाणी, दवाखाने, घरी आजाऱ्यांची शुश्रूषा करणारे लोक, यावर बोलले. काही जुने कार्यकर्ते त्यावरून नाराज झाले, मीही झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी कस्टम्स युनियनची मागणी उघडपणे केली. तीन मतांनी पडलेली तीच.

---

आकडेमोड

७२ चं श्रेय मतं योग्य जागी एकवटल्यालाही द्या. पण हो, तो मुद्दा मान्य.

आणि एक जुनी गोष्ट राहिली. राहायचं की जायचं हे थेट विचारणारं सार्वमत घ्या, ही मागणी २००८ मध्ये युरोपियन युनियनच्या लिस्बन कराराच्या वेळी लिब डेमनंच केली होती. त्यांची दुरुस्ती मतदानाला घेतली नाही म्हणून त्यांचे खासदार सभागृहातून उठून गेले होते. निक क्लेग तेव्हा पक्षनेते होते. सार्वमतावर आपला विश्वास आहे, असं सांगणारा पक्ष होता तो.

---

क्लाइडकाठ

मांडवीपार, तुमच्या मिस्टरांचं पुढं काय झालं? सेटल्ड स्टेटस, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही इथं राहायचा हक्क, मिळालं का?

---

मांडवीपार

मिळालं, २०१९ च्या उन्हाळ्यातच अर्ज केला होता. फोनवर पासपोर्ट स्कॅन करायचा असायचा, तो आमच्या जुन्या फोनवर होईना, मग शेजारच्या मुलीच्या फोनवरून केला. मला माझ्या नावानं वेगळा अर्ज करावा लागला, थोडा वेळ गेला. ३० जून २०२१ ही शेवटची तारीख होती आणि त्याच्या आत्तेभावानं ती जवळजवळ चुकवली होती, शेवटच्या आठवड्यात आम्ही बसून भरून दिला.

नंतर नवऱ्यानं ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. ४ जुलै २०२४ ला संसदेच्या निवडणुकीत त्यानं पहिल्यांदा मत दिलं. पाळी सुटल्यावर परस्पर गेला, कामाच्या कपड्यांतच. आदल्या रात्री त्यानं मला दोनदा विचारलं होतं, यादीत नाव आहे ना, आणखी कुठला फॉर्म राहिला नाही ना.

चौकस, जनमत कौलावर धागा काढते. आजोबांचं एक जुनं फुलाचं पत्रक फोंड्याच्या घरी होतं, भावाला फोटो पाठवायला सांगितलंय.